वाचकांचे प्रश्न: हेरकथा लिहिणारे खरे हेर

मागच्या अंकात जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग (१९०८–१९६४) याच्यावर टिपण छापलं होतं. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, एवढाच उल्लेख त्यात होता, आणि बहुतेक पत्रं नेमकी त्या एका वाक्यावर आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. निव्वळ सिनेमांविषयीचे वगळले. पडद्यावरचा बाँड हे वेगळंच प्रकरण आहे.

फ्लेमिंग स्वतः हेर होता की नुसता कारकून? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चिपळूण)

हेर नव्हता. कारकून म्हणणंही अपुरं पडेल. १९३९मध्ये नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक रिअर ॲडमिरल जॉन गॉडफ्री यांना एक हुशार सहायक हवा होता. फ्लेमिंग तेव्हा लंडनच्या एका शेअर दलालीच्या पेढीत होता. त्याआधी रॉयटर्सचा बातमीदार म्हणून त्याने १९३३मध्ये मॉस्कोतला ब्रिटिश इंजिनिअरांवरचा खटला वार्तांकित केला होता. गॉडफ्रींनी त्याला उचलला, नौदलाच्या स्वयंसेवी राखीव दलात घेतला, आणि ॲडमिरल्टीतल्या (नौदलाच्या मुख्यालयातल्या) ३९ नंबरच्या खोलीत टेबल दिलं. पुढे तो कमांडर झाला. बाँडचा हुद्दाही कमांडरच आहे.

काम काय? गॉडफ्रींच्या नावाने टिपणं लिहायची, इतर गुप्तचर खात्यांशी बोलणी करायची, आणि योजना सुचवायच्या. सप्टेंबर १९४०मधली ‘ऑपरेशन रूथलेस’ ही योजना पाहा. जर्मन नौदल आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने सांकेतिक करी; त्या यंत्राच्या सांकेतिक वह्या हव्या होत्या. फ्लेमिंगने सुचवलं की हाती लागलेलं एक जर्मन बाँबर विमान घ्यावं, त्यात जर्मन गणवेश घातलेली, बँडेज-रक्ताने रंगवलेली आपली माणसं बसवावीत, ते इंग्लिश खाडीत पाडावं आणि मदतीचा संदेश पाठवावा. जर्मन बचाव-बोट आली की तिच्यावरच्यांना मारून बोट वह्यांसकट इंग्लंडला आणावी. माणसं निवडली गेली, विमानही मिळालं. मग दोन अडचणी निघाल्या. टेहळणीत त्या टापूत योग्य बोटच दिसेना, आणि हे विमान पाण्यावर आपटताच त्याचं काचेचं नाक फुटून ते झटकन बुडेल असा इशारा एका जाणकाराने दिला. ऑक्टोबरात योजना गुंडाळली. ब्लेचली पार्कात संकेत उलगडणारे ॲलन ट्युरिंग आणि त्याचे सहकारी त्यामुळे फार हिरमुसले.

प्रत्यक्षात उतरलेलं त्याचं मोठं काम म्हणजे १९४२मध्ये उभी राहिलेली ‘३० असॉल्ट युनिट’ ही तुकडी. आघाडीच्या सैन्याबरोबर, कधी त्याच्याही पुढे जाऊन शत्रूच्या कचेऱ्यांतली कागदपत्रं, सांकेतिक वह्या आणि नवी यंत्रं जाळली जाण्याआधी उचलायची, हे तिचं काम. काय शोधायचं याच्या याद्या लंडनहून जात, आणि जवानांना कुलपं उघडण्याचं, तिजोऱ्या फोडण्याचं शिक्षण मिळे. १९४५मध्ये जर्मन नौदलाचं दप्तर ताम्बाखच्या वाड्यात या तुकडीच्या हाती लागलं. फ्लेमिंग मात्र आघाडीवर लढला नाही. ऑगस्ट १९४२मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपवर झालेल्या हल्ल्यात या तुकडीची पहिली परीक्षा झाली, ती त्याने किनाऱ्याबाहेर उभ्या असलेल्या विनाशिकेवरून पाहिली. एनिग्मा फुटल्याचं माहीत असलेला माणूस शत्रूच्या हाती लागू देणं परवडणारं नव्हतं.

म्हणून आमचं मत असं, की फ्लेमिंगने युद्धातून उचललं ते पिस्तूल नव्हे, फाईल. ‘कसिनो रॉयाल’ या पहिल्या बाँड-कादंबरीचं दुसरं प्रकरण उघडा. वरिष्ठाला पाठवलेला अहवाल, त्यात खलनायकाची पार्श्वभूमी, पैशाची भानगड, सुचवलेली कारवाई, आणि मागे जोडपत्रं. अशी टिपणं त्याने सहा वर्षं रोज पाहिली होती. म्हणूनच पुढचा सगळा अचाटपणा वाचक मुकाट्याने गिळतो.

प्रेताच्या खिशात खोटे कागद घालून जर्मनांना फसवलं, ती कल्पना फ्लेमिंगचीच ना? आणि “मेलेल्या माणसाक दर्यात सोडल्यार तो नेमको त्याच किनाऱ्याक लागतलो, ह्याची गॅरंटी कोणी दिल्यान?” (मच्छीमार सोसायटीचे माजी पदाधिकारी, मालवण)

पहिल्या भागाचं उत्तर ‘अर्धवट हो’. २९ सप्टेंबर १९३९ला गॉडफ्रींच्या सहीने एक टिपण फिरवलं गेलं. ते बहुधा फ्लेमिंगने लिहिलं. शत्रूला गळाला लावण्याच्या ५४ युक्त्या त्यात होत्या. अठ्ठाविसावी युक्ती होती पॅराशूट न उघडल्याने मेलेल्या वैमानिकासारख्या दिसणाऱ्या प्रेताच्या खिशात बनावट कागद ठेवण्याची. ती बेझिल टॉमसन यांच्या एका जुन्या रहस्यकथेतून घेतल्याचं टिपणातच प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. १९४३मध्ये ती अमलात आणली दुसऱ्यांनीच: हवाई दलातले चार्ल्स चमली आणि नौदलातले युएन माँटेग्यू. फ्लेमिंगचा त्यात पुढे हात नव्हता.

दुसरा भाग खरा दर्यावर्दीचा. गॅरंटी कोणीच दिली नव्हती, पण हिशेब पक्का केला होता. स्पेनचं उएल्वा निवडलं, कारण तिथे जर्मनांचा एजंट कामसू होता आणि स्थानिक अधिकारी त्याच्या ऐकण्यातले होते. जलआलेखन खात्याला विचारलं, तेव्हा एप्रिलच्या अखेरीस तिथे नैर्ऋत्येचा वारा असतो आणि तो किनाऱ्याकडे ढकलतो, असं उत्तर आलं. ‘सेराफ’ पाणबुडी ३० एप्रिल १९४३च्या पहाटे साडेचारच्या सुमारास किनाऱ्यापासून मैलभरावर वर आली आणि प्रेत लाईफ जॅकेटसह सोडलं. सकाळी तारल्या पकडणाऱ्या एका मच्छीमाराला ते सापडलं.

लाईफ जॅकेट इथे फार महत्त्वाचं. नवखे लेखक हमखास चुकतात ते इथेच. ताजं प्रेत बहुधा आधी बुडतं. आत वायू साठले की फुगून वर येतं. आपल्यासारख्या कोमट पाण्यात त्याला दोन-तीन दिवस पुरतात, थंड पाण्यात बरेच जास्त लागतात. जॅकेट नसतं तर सगळा बेत तळाला गेला असता.

बाकी तपशिलांवर किती घाम गाळला पाहा. प्रेत होतं ग्लिंडूर मायकल या बेघर माणसाचं. उंदराच्या विषाने जानेवारीत मेलेला. शवचिकित्सेत विष सापडेल का, हे बर्नार्ड स्पिल्सबरी या नामांकित तज्ज्ञाला विचारून घेतलं. मायकलच्या प्रेताला ‘मेजर विल्यम मार्टिन’ बनवताना रोमन कॅथलिक ठरवलं, म्हणजे स्पेनमध्ये चिरफाड करायला कचरतील. खिशात वाङ्निश्चय झालेल्या मुलीची पत्रं, नाटकाच्या तिकिटांची अर्धुकं, आणि ७९ पौंड १९ शिलिंग २ पेन्सची थकबाकी मागणारं बँकेचं पत्र. गोठलेले पाय बुटात जाईनात, म्हणून घोटे विजेच्या शेगडीवर सैल करावे लागले. मुख्य पत्रात पापणीचा एक केस ठेवला होता. कागद परत आले तेव्हा तो नव्हता. पाकीट न फोडता, ओलं असतानाच कडेच्या फटीतून सळई घालून कागद तिच्याभोवती गुंडाळून बाहेर काढला होता, हे घड्यांवरून कळलं. दोस्त राष्ट्रं १० जुलैला सिसिलीवर उतरली तेव्हा जर्मनांचं लक्ष, त्या बनावट कागदांत सुचवल्याप्रमाणे, ग्रीस आणि सार्डिनियाकडे लागलेलं होतं.

आता हाच प्रसंग तुम्हाला मालवणच्या किनाऱ्यावर बेतायचा असेल (पत्राचा रोख तसाच दिसतो), तर पहाटे साडेचारची वेळ चालायची नाही. चैत्र-वैशाखात त्या वेळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. प्रेत बाहेर जाईल. दुपारचा खारा वारा सुटल्यावर, चढत्या भरतीला सोडा. भरतीची वेळ ठरवताना तिथीची पाऊणपट करायची जुनी रीत मुंबईच्या पाण्याला लागू पडते: अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दक्षिणेकडे ती त्याच्या थोडी आधी येते, तेव्हा मालवणसाठी तेवढा वेळ वजा करा. भांगाच्या (छोट्या भरतीच्या) दिवसांपेक्षा उधाणाचे दिवस बरे, प्रेत वाळूत वरपर्यंत येईल. खाडीच्या मुखाशी ओहोटीला सोडलंत तर पुन्हा भेटायचं नाही. वैशाखात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे ओढू लागलेला असतो, म्हणून सोडायचं ते आचऱ्याच्या अंगाला, उत्तरेकडून. आणि महत्त्वाचं म्हणजे सापडवणारा मच्छीमार पोलीस पाटलाकडे आधी जाईल की सोसायटीत, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. कादंबरी तिथेच ठरते.

फ्लेमिंगच्या आधी असे लेखक होते का? आपल्या क्रांतिकारकांचा त्यात कुठे संबंध येतो का? (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

येतो, आणि चांगलाच येतो. सॉमरसेट मॉम (१८७४–१९६५) हा तोवर गाजलेला नाटककार १९१५मध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्यात शिरला. त्याला घेणारा जॉन वॉलिंजर हा मुळात मुंबई पोलिसांतला अधिकारी. १ जुलै १९०९ला मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या, त्यानंतर युरोपातल्या हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवण्याची व्यवस्था वॉलिंजरने तिथे उभी केली. इंडिया हाऊसची मंडळी हेच तिचं लक्ष्य. सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली ती १३ मार्च १९१०ला, याच पाळतीच्या काळात.

महायुद्ध सुरू झाल्यावर वॉलिंजरकडे स्वित्झर्लंडची जबाबदारी आली, आणि मॉम जिनिव्हात नाटक लिहायला आलेला लेखक या बहाण्याने राहिला. लेखकाचं हे सोंग फार सोयीचं होतं. कुठेही राहता येतं, कुणाशीही बोलता येतं, आणि वेळीअवेळी कागद काळे करताना कुणी हटकत नाही. १९१७मध्ये त्याला रशियात पाठवलं, बोल्शेविकांना थोपवण्यासाठी. ते जमलं नाही, हे सांगायला नको.

‘ॲशेंडन’ हा त्याचा कथासंग्रह १९२८चा. म्हणजे सावरकर तेव्हा तुमच्याच गावात स्थानबद्ध होते (१९२४–१९३७). त्यातला ‘आर.’ नावाचा वरिष्ठ वॉलिंजरवर बेतलेला आहे. ‘जूलिया लात्सारी’ या कथेत चंद्रलाल नावाच्या हिंदी क्रांतिकारकाला त्याच्या प्रेयसीकरवी सीमेपलीकडे फ्रेंच हद्दीत आणायचा डाव आहे. हे पात्र सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावरून सुचलं, असं अभ्यासक मानतात. प्रत्यक्षातले चट्टोपाध्याय इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. १९३७मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्यांचा अंत झाला.

ही कथा वाचताना आपल्या बाजूने चीड येणं साहजिक आहे. पण वाचाच. पाळत ठेवणारा ज्याच्यावर पाळत ठेवतो, त्याच्याविषयी त्याला नकळत आदर वाटू लागतो, आणि वरिष्ठाला तो अजिबात कळत नाही. हे मॉमने फार थंडपणे दाखवलं आहे. ‘ॲशेंडन’मध्ये हाणामारी जवळपास नाही. बाजारात लोणी विकणारी म्हातारी निरोप आणते, आगबोट सरोवर ओलांडते, पगार वेळेवर होतो, आणि आपल्या कामाचा शेवटी काय उपयोग झाला हे नायकाला समजत नाही. आमच्या मते हेरकथेचा खरा पाया हा, बाँड नव्हे.

युद्धात मुरगावच्या बंदरात जर्मन जहाजं जाळली गेली. त्यात फ्लेमिंग होता का? (वाचक, सावंतवाडी)

नव्हता. ते काम ब्रिटिशांच्या दुसऱ्या खात्याचं, घातपाती कारवाया करणाऱ्या एसओईचं. युद्ध सुरू झाल्यावर ‘एहरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन जहाजं तटस्थ पोर्तुगीज गोव्यात आसऱ्याला आली. पुढे ‘अनफोरा’ हे इटालियनही. एहरेनफेल्सवर चोरटा ट्रान्समीटर असून त्यावरून दोस्तांच्या जहाजांची माहिती पाणबुड्यांना जाते, असा इंग्रजांना संशय होता. तटस्थ हद्दीत नियमित फौज पाठवता येईना. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी राखीव पथकातले चाळिशी-पन्नाशीचे चहावाले, तागवाले, हिशेबनीस गोळा केले. ‘फीबी’ नावाचा गाळ वाहणारा एक बार्ज कलकत्त्याहून वळसा घालून आणला. माणसं रेल्वेने कोचीनला जाऊन त्यावर चढली. ९ मार्च १९४३च्या रात्री ते एहरेनफेल्सवर चढले. कप्तान मारला गेला, आणि चारही जहाजांना त्यांच्याच खलाशांनी आग लावली किंवा पाणी आत घेऊन बुडवलं.

तारीख पंचांगात पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला होता, म्हणजे ९ मार्च हा कार्निव्हलचा शेवटचा दिवस. अमावास्या होऊन तीनच दिवस झालेले, चंद्र लवकर मावळलेला. किनाऱ्यावर जल्लोष, खाडीत काळोख. ही तारीख योगायोगाने पडली असेल असं वाटत नाही.

तीस-पस्तीस वर्षं हा प्रकार दडून राहिला. १९७८मध्ये जेम्स लीझर यांचं पुस्तक आलं आणि १९८०मध्ये त्यावर सिनेमा. फ्लेमिंगशी धागा जुळतो तो तटस्थ बंदरापुरता. मे १९४१मध्ये गॉडफ्रींबरोबर अमेरिकेला जाताना तो पोर्तुगालमध्ये थांबला आणि एस्तोरिलच्या जुगारघरात बसला. ‘कसिनो रॉयाल’चं बीज तिथलं. शत्रू समोरच्या टेबलावर बसलाय आणि हात लावता येत नाही, ही अवस्था मुरगावला जशी होती तशीच तिथेही.

आमच्या बोटी जून-जुलैच्या बंदीत उभ्या असतात. फ्लेमिंग म्हणे दोन महिन्यांत कादंबरी लिहायचा. ते कसं? मला जमेल का? (बोटमालक, हर्णे)

युद्धानंतर फ्लेमिंग वृत्तपत्रसमूहात परदेशी बातम्यांचा व्यवस्थापक झाला, आणि नोकरी घेतानाच दर हिवाळ्यात दोन महिने रजेची अट घालून घेतली. ती रजा तो जमैकात ओराकाबेसाला बांधलेल्या ‘गोल्डनआय’ या घरात काढी. युद्धात जिब्राल्टरच्या रक्षणासाठी त्याने आखलेल्या योजनेचं नावही गोल्डनआयच होतं. पहिली कादंबरी १९५२च्या सुरुवातीला तिथे लिहिली, १३ एप्रिल १९५३ला ती प्रसिद्ध झाली. पुढे मरेपर्यंत साधारण वर्षाला एक. बाँडच्या बारा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह.

रीत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. सकाळी तीन तास, संध्याकाळी एक तास. रोज २,००० शब्द. मागे वळून वाचायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. सहा आठवड्यांत ६०,००० शब्द. मागे वाचलं की लाज वाटते आणि हात थांबतो, हे त्याचं कारण. ते खरं आहे.

तुमचा हिशेब: बंदी ६१ दिवसांची. त्यातून इंजिनाचं काम, जाळी विणणं, गणपतीआधीची रंगरंगोटी वजा जाता ४० दिवस धरा. फुलस्केपच्या एका बाजूला मध्यम अक्षरात २५० शब्द बसतात. रोज चार पानं म्हणजे १,००० शब्द, ४० दिवसांत ४०,०००. मराठी रहस्यकादंबरीला तेवढे पुरतात. २,०००च्या मागे लागू नका. त्याच्याकडे स्वयंपाकीण होती आणि रजेत दुसरं काम नव्हतं. इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन रोज ५००च शब्द लिहायचा, मोजून.

मात्र एक गोष्ट लोक विसरतात. ते दोन महिने म्हणजे फक्त उतरवण्याचे. उरलेले दहा महिने फ्लेमिंग गोळा करत असे: जागा, माणसांची नावं, जुगाराचे नियम, मोटारी. तुम्हीही ऑगस्ट ते मेमध्ये वही भरा. कोणतं गस्ती जहाज किती वाजता दिसतं हे नव्हे (त्याविषयी पुढे लिहिलं आहे), तर व्यापाऱ्याचा लिलाव कसा चालतो, बर्फ कुणाकडून येतो, डिझेलची उधारी कशी लिहितात. लिहिताना एखादा तपशील आठवला नाही तर समासात फुली मारून पुढे जा. उठून चौकशीला गेलात की तो दिवस गेला.

बाँडचं पिस्तूल मधेच का बदललं? (वाचक, राजापूर)

सुरुवातीच्या पुस्तकांत तो .२५ची बेरेटा वापरतो. १९५६मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रशौकिनाने फ्लेमिंगला कळवलं की हे बायकांच्या पर्समधलं पिस्तूल आहे. फ्लेमिंगने सल्ला मानला, आणि १९५८च्या ‘डॉ. नो’मध्ये बाँडला ७.६५ मिलीमीटरची वॉल्थर पीपीके मिळाली. ती देणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाचं नाव मेजर बूथरॉइड ठेवून आभारही मानले. गंमत पुढे आहे. बूथरॉइडने सुचवलेलं बर्न्स-मार्टिन होल्स्टर रिव्हॉल्व्हरसाठीचं होतं; फ्लेमिंगने ते पिस्तुलाला जोडलं. त्यात पीपीके नीट बसत नाही. दोन चांगल्या सल्ल्यांची भेसळ केली की अशी चूक होते.

अशी पत्रं त्याला पुष्कळ येत. ‘व्हाँ वेर’ अत्तर दिओरचं नव्हे, बालमॅंचं; ओरिएंट एक्स्प्रेसचे ब्रेक हायड्रॉलिक नव्हेत, व्हॅक्यूमचे. ही उदाहरणं त्यानेच दिली आहेत. एवढ्या चुका असूनही वाचकाला सगळं खरं वाटतं, कारण प्रत्येक वस्तूला नाव आहे.

हेर खोटे अहवाल पाठवून पैसे उकळतात, हे निव्वळ विनोदासाठी की खरंच घडलं? (वाचक, अलिबाग)

खरंच घडलं. ग्रॅहम ग्रीन (१९०४–१९९१) १९४१मध्ये एमआय६ या ब्रिटिश गुप्तचर खात्यात गेला, १९४२-४३मध्ये सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला होता, मग लंडनला परतून पोर्तुगालच्या फाईली सांभाळू लागला. त्याचा तिथला वरिष्ठ किम फिल्बी. तो सोव्हिएत हेर निघाला. त्या फाईलींत ग्रीनने लिस्बनचे असे एजंट पाहिले, जे जागेवरून न हलता इंग्लंडातल्या बातम्या रचून जर्मनांना विकत होते. सर्वांत मोठा हुआन पुजोल, सांकेतिक नाव ‘गार्बो’. आधी स्वतःच्या हिमतीवर, नकाशे आणि गाईडबुकं पाहून. ग्लासगोत वाइनसाठी लोक काहीही करतात असं त्याने बेधडक लिहिलं होतं, वाइन न पिणाऱ्या गावाविषयी! पुढे इंग्रजांनी त्याला हाताशी धरलं. त्याच्या हाताखाली २७ उपहेर होते, सगळे काल्पनिक, आणि जर्मनी त्यांचे पगार भरत होती. त्याला जर्मनांचा आयर्न क्रॉस आणि इंग्रजांचा एमबीई, हे दोन्ही सन्मान मिळाले.

ग्रीनची हवानावरची कादंबरी (१९५८) याच सामग्रीवर उभी आहे. व्हॅक्यूम क्लीनर विकणारा नायक यंत्राच्या भागांची चित्रं काढून गुप्त शस्त्रं म्हणून पाठवतो. खोटा अहवाल का चालतो याचं कारण ग्रीनला पक्कं माहीत होतं: मागणाऱ्या साहेबालाही वर दाखवायला काहीतरी हवंच असतं. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मी सागरी सुरक्षेशी संबंधित खात्यातून निवृत्त झालो. कादंबरी लिहिली तर अडचण येईल का? (वाचक, मुरूड)

येऊ शकते. १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे, आणि तो माहिती पाहतो. ती कादंबरीत दिली की अहवालात, याने सुटका होत नाही. शिवाय ३१ मे २०२१च्या अधिसूचनेने केंद्राने निवृत्तिवेतनाचे नियम बदलले: माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या क्षेत्राविषयी लिहिण्याआधी संस्थाप्रमुखाची परवानगी लागते, नाहीतर निवृत्तिवेतनावर गदा येऊ शकते. तुमचं खातं त्या यादीत आहे का ते आधी पाहा. नसलं तरी हस्तलिखित वकिलाला दाखवा आणि खात्याला लेखी विचारा. तोंडी ‘चालेल हो’ला अर्थ नाही.

इंग्लंडातही हे सुटलेलं नाही. लेखक काँप्टन मॅकेंझी पहिल्या महायुद्धात ग्रीसमध्ये गुप्तचर होता. १९३२मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं म्हणून त्याच्यावर खटला होऊन १०० पौंड दंड झाला. पुढच्याच वर्षी त्याने खात्याची टर उडवणारी कादंबरी लिहिली.

फ्लेमिंगची युक्ती अभ्यासण्याजोगी आहे. ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’मध्ये (१९५७) बाँड ‘स्पेक्टर’ नावाचं रशियन संकेतयंत्र पळवायला जातो. एनिग्मा फुटल्याचं गुपित १९७४पर्यंत जगाला कळलं नव्हतं. फ्लेमिंगने देश बदलला, यंत्राचं नाव बदललं, यंत्र आत कसं चालतं त्यावर अक्षर लिहिलं नाही. फक्त अशा यंत्रासाठी माणसं काय काय करायला तयार होतात तेवढं ठेवलं. तुम्हीही बंदर, जहाज, वर्ष आणि पद्धत बदला. गस्तीच्या वेळा, संपर्काची साधनं, खबऱ्यांची ओळख पटेल असं काही ठेवू नका.

वडिलांच्या कपाटात फ्लेमिंगच्या जुन्या पॅन पेपरबॅक आहेत. किंमत येईल का? पावसात बुरशी धरते, काय करावं? (वाचक, देवगड)

मोठी किंमत पहिल्या आवृत्तीला. ‘कसिनो रॉयाल’ची जोनाथन केप या प्रकाशनाने काढलेली पहिली छपाई ४,७२८ प्रतींची होती, वेष्टणासह ती असली तर बँकेत ठेवा. पॅनच्या प्रती लाखांनी निघाल्या, तेव्हा त्या वाचायलाच.

बुरशी सत्तर टक्क्यांच्या पुढच्या दमटपणात झपाट्याने वाढते, आणि आपल्याकडे आषाढात तो नव्वदीला टेकतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, बाहेरच्या भिंतीला लावू नका. पुस्तकं दाटून भरू नका. बुरशी धरलेलं पुस्तक आधी सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या. ओलं असताना पुसलंत तर डाग कागदात मुरतो. सुकल्यावर तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने कण्याकडून बाहेर झटका. कडक उन्हात ठेवू नका, त्या काळचा स्वस्त कागद आम्लयुक्त असतो, तो तडकतो आणि कण्याचा डिंक सुटतो. कसर लागली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. मासळीच्या फ्रीजरमध्ये नको. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर दव आत धरतं.